ईजेयूची तयारी: अभ्यासाआधी प्रवेशपुस्तिका

जपानमध्ये पदवीला जायचं पक्कं झालं की बरेच जण ईजेयूसाठी, म्हणजे तिथल्या विद्यापीठांत जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी, पहिल्याच आठवड्यात कांजीच्या, म्हणजे जपानी चित्राक्षरांच्या वह्या आणि गणिताचं पुस्तक घेऊन बसतात. माझ्या मते त्याआधी एक काम आहे. ज्या तीन-चार विद्यापीठांचा विचार चालला आहे त्यांची प्रवेशपुस्तिका, म्हणजे 'बोशू योको', उतरवून घ्यायची आणि त्यातलं परदेशी विद्यार्थ्यांचं प्रकरण ओळ न ओळ वाचायचं. यंदाची पुस्तिका निघाली नसेल तर गेल्या वर्षीची चालते, फक्त नवी आली की पुन्हा पडताळायचं. कोणते विषय घ्यायचे, कोणत्या भाषेतून, कोणत्या सत्रात, हे सगळं तिथे ठरतं. ते न बघता केलेला अभ्यास भलत्याच पत्रिकेचा निघू शकतो.

ईजेयू ही परीक्षा २००२ पासून होते. घेणारी संस्था जास्सो, म्हणजे जपानची विद्यार्थी सेवा संस्था. वर्षातून दोन सत्रं, जून आणि नोव्हेंबरात, रविवारी. जपानमध्ये आणि जपानबाहेरच्या काही शहरांतही. जपानी भाषेची पत्रिका १२५ मिनिटांची आणि ४५० गुणांची. बाकीच्या तिन्ही, म्हणजे विज्ञान, 'जपान आणि जग' आणि गणित, ८० मिनिटांच्या आणि २०० गुणांच्या. विज्ञानात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांपैकी दोन निवडायचे. गणितात कोर्स १ किंवा कोर्स २. विज्ञान आणि 'जपान आणि जग' दोन्ही एकाच सत्रात देता येत नाहीत, त्यामुळे अभियांत्रिकीकडून अर्थशास्त्राकडे वळायचा विचार अर्ज भरल्यानंतर आला तर एक सत्र हातचं जातं.

अभियांत्रिकीला सहसा जपानी, भौतिक-रसायन आणि कोर्स २ लागतं. वैद्यकीय शाखेत विद्यापीठागणिक फरक पडतो. कुठे दोन विषय ठरवून दिलेले असतात, कुठे निवड तुमची. अर्थशास्त्र, व्यवस्थापन यांना 'जपान आणि जग' आणि कोर्स १ बहुतेक ठिकाणी पुरतं, पण काही विद्याशाखा तिथेही कोर्स २ मागतात. शंका असेल तर कोर्स २ घ्यावा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. कोर्स २ मध्ये कलनशास्त्र, सदिश, श्रेणी असं बरंच जास्तीचं आहे, आणि ज्याला त्याची गरज नाही त्याचे ते महिने जपानीच्या वाचनात गेले तर जास्त गुण पदरात पडतात.

भाषेचा प्रश्न नीट समजून घ्या. जपानी भाषेची पत्रिका सोडली तर बाकी विषय जपानी किंवा इंग्रजीतून देता येतात. भाषा अर्जातच निवडावी लागते, परीक्षेच्या दिवशी बदलता येत नाही. इंग्रजी सोपी वाटते म्हणून डोळे झाकून तीच निवडणारे पुष्कळ असतात आणि नंतर कळतं की हव्या त्या विद्याशाखेने 'जपानीतून दिलेलीच ग्राह्य' असं लिहून ठेवलंय. विद्यापीठ दोन्ही चालवत असेल तर मात्र ज्या भाषेत विषय शिकलात ती घ्या. तिथे हौस नको. जपानीतून द्यायचं असेल तर संज्ञांची स्वतंत्र वही लागते. रोजच्या जपानीत न भेटणारे शब्द, जसं वर्गमूळ, लंब, घर्षण, विद्राव्यता, संतुलन, हे सगळे तिथे कांजीत असतात. प्रत्येक विषयाचे दोन-अडीचशे शब्द ओळखता आले की प्रश्न वाचायला अडत नाही. लिहिता येण्याची गरज नाही, कारण या पत्रिकांत उत्तर फक्त पेन्सिलीने गोल भरून द्यायचं असतं.

सत्राचा हिशेबही पुस्तिकेतूनच करायचा. खासगी विद्यापीठांचे अर्ज बऱ्याचदा शरद ऋतूतच बंद होतात, तिथे नोव्हेंबरचे गुण उशिरा पडतात आणि जूनचे किंवा आदल्या नोव्हेंबरचेच चालतात. राष्ट्रीय विद्यापीठं पुढे डिसेंबर-जानेवारीत अर्ज घेतात, त्यामुळे तिथे दोन्ही सत्रं उपयोगी. जूनचा निकाल जुलैअखेरीस आणि नोव्हेंबरचा डिसेंबरात लागतो. जूनच्या परीक्षेचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि नोव्हेंबरचे जुलैमध्ये भरायचे. म्हणजे जूनचा निकाल हातात येईपर्यंत नोव्हेंबरच्या अर्जाची मुदत संपत आलेली किंवा संपलेलीही असते. निकाल बघून ठरवू, असं इथे चालत नाही. दोन्ही सत्रांचे अर्ज भरूनच ठेवावेत. एका सत्राचं गणित आणि दुसऱ्या सत्राचं जपानी अशी जोडणी बऱ्याच ठिकाणी चालत नाही, एका सत्राचा संच संपूर्ण धरतात.

आता पत्रिका. सगळ्यात जास्त वेळ मागते ती जपानी, आणि तिचा सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे पहिला, लेखनाचा. तीस मिनिटांत ४०० ते ५०० अक्षरांचा निबंध, आडव्या ओळींत, चौकटीच्या कागदावर. दोन विषय असतात, एक निवडायचा. विषयांचा साचा ठरलेला: एखाद्या गोष्टीचे चांगले-वाईट दोन्ही पैलू मांडून स्वतःचं मत द्या, किंवा एखादी परिस्थिती अशी का आहे ते सांगून पुढे काय होईल ते लिहा. गुण ५० पैकी, आणि वाचन-श्रवणाच्या ४०० पुढे ते किरकोळ वाटतात. पण काही विद्यापीठं लेखनाचे गुण वेगळे बघतात, आणि नंतरच्या लेखी परीक्षेत हीच सवय कामी येते.

समजा विषय आला: दुकानात माणसाऐवजी यंत्रावर पैसे भरण्याची पद्धत वाढते आहे, तिचे फायदे आणि अडचणी सांगून तुमचं मत लिहा. पहिली पाच मिनिटं कागदाच्या कोपऱ्यात चारच शब्द: रांग, मनुष्यबळ, वृद्ध, मत. पहिला परिच्छेद साठ-सत्तर अक्षरांचा, त्यात प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं नाही. दुसऱ्यात फायदा, एक कारण, एक उदाहरण. तिसऱ्यात अडचण, तशीच. चौथा सर्वात मोठा, त्यात मत आणि त्याचं कारण. दोन्ही बाजू सांगून 'म्हणून दोन्ही महत्त्वाच्या आहेत' असा शेवट केला की मत दिलंच नाही असं होतं. इथे पुष्कळ निबंध घसरतात. वीस घरांच्या ओळीचा कागद घेऊन सराव केला तर २० ओळी म्हणजे ४०० अक्षरं आणि २५ म्हणजे ५००, मोजत बसावं लागत नाही. परिच्छेदाचं पहिलं घर रिकामं, विरामचिन्हाला स्वतःचं घर, ओळीच्या सुरुवातीला विरामचिन्ह नाही, छोट्या 'त्सु'लाही (जोडव्यंजन दाखवणारं बारीक अक्षर) वेगळं घर. बोलीतले शब्द गाळायचे: 'देमो'च्या (पण) जागी 'शिकाशी', 'दाकारा'च्या (म्हणून) जागी 'सोनो तामे'. वाक्याचा शेवट नम्र 'देसु-मासु' किंवा लेखी 'दे आरु', कोणताही एक, पण शेवटपर्यंत तोच. कांजीबद्दल खात्री नसेल तर हिरागाना, म्हणजे उच्चारानुसारी अक्षरं, लिहा. चुकीच्या कांजीपेक्षा ते बरं.

वाचनाला ४० मिनिटं, प्रश्न २५. पहिले दहा उतारे एकेका प्रश्नाचे, पुढचे सहा दोन-दोन प्रश्नांचे, शेवटचा तीनचा. पहिल्या दहांना मिळून तेरा मिनिटं, मधल्या सहांना अठरा, शेवटच्याला पाच; चार मिनिटं उरतात ती संशय असलेल्यांवर. सुरुवातीच्या छोट्या उताऱ्यांत सूचनाफलक, अर्जाच्या मुदती, ग्रंथालयाचे नियम असं काहीबाही असतं. तिथे आधी प्रश्न, मग उतारा. पुढचे उतारे विचारपर लेखांतले, आणि 'लेखकाला सर्वात जास्त काय म्हणायचं आहे' हा प्रश्न हमखास. त्यात हटकून एक पर्याय असा असतो जो वास्तवात खरा आहे पण लेखक तसं कुठेही म्हणत नाही. सरावात उत्तर तपासताना 'बरोबर-चूक' एवढ्यावर थांबू नका; ज्या ओळीवरून उत्तर निघतं त्या ओळीखाली रेघ मारा. रेघ मारता आली नाही तर उत्तर बरोबर असूनही तो प्रश्न तुम्हाला कळलेला नाही. 'शिकाशी' (पण), 'त्सुमारी' (थोडक्यात) यांच्या पुढचं वाक्य दोनदा वाचण्याची सवय इथे कामाला येते.

श्रवणाचे दोन भाग, दोन्ही मिळून ५५ मिनिटं, आणि सगळं एकदाच ऐकवतात. पहिल्या भागात समोर तक्ता, आलेख किंवा आकृती छापलेली असते आणि तिच्याबद्दल प्राध्यापकाचं व्याख्यान किंवा दोघा विद्यार्थ्यांचं संभाषण ऐकू येतं. दोन प्रश्नांच्या मधली काही सेकंदं मागच्या उत्तराची हळहळ करण्यात घालवू नयेत. त्या वेळात पुढच्या आकृतीचं शीर्षक आणि अक्षांवरचे शब्द वाचून घ्यायचे. दुसऱ्या भागात काहीच छापलेलं नसतं, पर्यायही ऐकूनच घ्यायचे. या भागाची उत्तरपत्रिका निराळी आहे: प्रत्येक प्रश्नाला 'बरोबर' आणि 'बरोबर नाही' अशा दोन ओळी. एकेक पर्याय ऐकला की लगेच वरच्या किंवा खालच्या ओळीत खूण करायची. बरोबर एकच असतो. चारही ऐकून मग ठरवू म्हणणाऱ्याला चौथ्यापर्यंत पहिला आठवत नाही. दुसरा पर्याय पटला तरी तिसरा-चौथा ऐकून खालच्या ओळीत खूण करा, आणि घरी सराव करताना अशाच दोन ओळी आखून घ्या. साध्या कागदावर १-२-३-४ लिहून केलेला सराव परीक्षेत हात अडकवतो.

एक सूचना. जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्यपरीक्षेची एन-टू किंवा एन-वन ही वरची पातळी उत्तीर्ण असणं उपयोगी आहे, पण ती तयारी इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. तिथे व्याकरण आणि शब्दसंग्रहाचे सुटे प्रश्न असतात आणि लेखन नसतं. इथे सुटं व्याकरण विचारतच नाहीत, आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकार नाही, फक्त गुण.

गणितात हुशार मुलं गुण घालवतात ते उत्तरपत्रिकेपायी. इथे पर्याय क्वचित असतात. रिकाम्या चौकटींना इंग्रजी अक्षरं दिलेली असतात आणि प्रत्येक अक्षरासाठी शून्य ते नऊ यांतला एक अंक किंवा उणे चिन्ह भरायचं. समजा अंशाच्या चौकटीत ए आणि बी, छेदाच्या चौकटीत सी. तुमचं उत्तर आलं उणे सहा छेद आठ. आधी संक्षेप: उणे तीन छेद चार. मग ए मध्ये उणे चिन्ह, बी मध्ये ३, सी मध्ये ४. उणे चिन्ह नेहमी अंशाला. वर्गमुळाखालची संख्या शक्य तितकी लहान हवी: ३२ चं वर्गमूळ म्हणजे ४ गुणिले २ चं वर्गमूळ, २ गुणिले ८ चं वर्गमूळ लिहिलं की चूक. दोन चौकटींपुढे एक्स छापला असेल आणि उत्तर उणे एक्स असेल तर पहिल्या चौकटीत उणे आणि दुसरीत १ भरायचा. तो १ आपण वहीत कधी लिहीत नाही म्हणून राहून जातो. हे नियम पत्रिकेवर छापलेले असतात, पण ते तिथे पहिल्यांदा वाचायची वेळ येऊ नये. चौकटींची संख्या हा फुकटचा इशाराही आहे: दोन चौकटी आणि तुमचं उत्तर तीन अंकी, तर मागे जाऊन बघा.

दुसरी गोष्ट, पत्रिका तुम्हाला तिच्याच वाटेने चालवते. संभाव्यतेच्या प्रश्नात ती तीन प्रकार पाडून प्रत्येकाची मोजणी विचारते. तुम्ही पूरक घटनेवरून दोन ओळींत उत्तर काढलंत, ते बरोबरही आलं, तरी मधल्या चौकटी रिकाम्याच. म्हणून जुन्या पत्रिका सोडवताना आधी चौकटींची रचना वाचून 'यांना कोणती पद्धत अभिप्रेत आहे' हे ओळखायचा सराव करावा. कोर्स २ ला पहिल्या प्रश्नातल्या दोन भागांना मिळून वीस मिनिटं, पुढच्या तीन प्रश्नांना सतरा-सतरा. नऊ मिनिटं उरतात. कोणता कोर्स दिला ते उत्तरपत्रिकेवर भरायचं असतं आणि ते नीट भरलेलं नसेल तर पेपर तपासलाच जात नाही. विज्ञानातही तसंच, दोन्ही विषयांच्या नावाचे गोल आधी भरायचे, मग पहिला प्रश्न.

विज्ञानाची ८० मिनिटं दोन विषयांत कशी वाटायची ते तुमच्यावर सोपवलेलं आहे आणि तिथेच गफलत होते. भौतिकात एखाद्या प्रश्नाशी झुंजत पन्नास मिनिटं निघून जातात आणि रसायनाचे सोपे प्रश्न तसेच राहतात. ज्या विषयात पटकन उत्तरं येतात तो आधी उरकावा, बहुतेकांच्या बाबतीत तो रसायन. चाळिसाव्या मिनिटाला पान उलटायचंच. भौतिकात पर्याय पुष्कळदा सूत्ररूपात असतात. एककं जुळतात का, आणि वस्तुमान शून्य किंवा कोन ९० अंश केला तर उत्तर शहाण्यासारखं येतं का, एवढं बघूनही दोन-तीन पर्याय बाद होतात. रसायनात स्थिरांक आणि अणुभार पत्रिकेतच देतात. दाब पास्कलमध्ये, वायुस्थिरांक ८.३१ गुणिले १० चा तिसरा घात, एकक पास्कल-लिटर. वातावरण हे एकक आणि ०.०८२ वर हात बसलेला असेल तर दहाच्या घाताची चूक ठरलेली, आणि ती चूक पर्यायांत नेमकी छापलेली सापडते. गणकयंत्र कुठल्याच पत्रिकेला नाही, म्हणून हाताने भागाकाराचा वेग हा स्वतंत्र सरावाचा विषय आहे.

'जपान आणि जग'मध्ये राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, आधुनिक इतिहास आणि समकालीन समाज असा पसारा आहे. पाठांतर लागतंच, पण आलेख आणि तक्ते वाचणं जास्त लागतं. विनिमयदर, मागणी-पुरवठ्याच्या रेषा आणि जपानची संसद-मंत्रिमंडळ रचना इथून सुरुवात करावी, इतिहास मागून घेतला तरी चालतो.

जुन्या पत्रिका जास्सोच्या संकेतस्थळावर काही वर्षांच्या मिळतात, आणि बोन्जिनशा या प्रकाशनाची श्रवणाच्या ध्वनिफितीसह पुस्तकं आहेत. अभ्यासक्रम मधूनमधून बदलतो, तेव्हा जुनी पत्रिका सोडवताना सध्याचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून गाळलेले घटक वगळावेत. किती प्रश्न बरोबर आले यावरून गुण काढायला जाऊ नका. लेखन सोडून बाकी गुण सांख्यिकी पद्धतीने मोजपट्टीवर बसवतात, म्हणजे अवघड सत्र आणि सोपं सत्र यांचा तोल साधला जातो. दोन चुकांनी किती गुण गेले हे सरळ सांगता येत नाही. प्रत्येक सत्राची सरासरी आणि गुणांचं वितरण जास्सो जाहीर करते. आपण त्या गर्दीत कुठे आहोत हे त्यातून कळतं, आणि विद्यापीठं किमान गुण सहसा सांगत नाहीत म्हणून तोच आधार.

परीक्षेच्या दिवशी सकाळी जपानी, मग विज्ञान किंवा 'जपान आणि जग', शेवटी गणित. एचबी पेन्सिली तीन-चार, चांगलं खोडरबर, आणि आवाज न करणारं साधं मनगटी घड्याळ. जपानीचा पेपर भागाभागाने चालतो. वाचनाच्या वेळात लेखनाकडे परत जाता येत नाही. प्रश्नपत्रिका परत द्यावी लागते, तेव्हा घरी येऊन पडताळणी करायचा बेत नको. पेपरांमधल्या सुट्ट्या लांब असतात आणि गणित येईपर्यंत डोकं शिणलेलं असतं. सरावात निदान दोन-तीनदा पूर्ण दिवस याच क्रमाने बसून बघा, म्हणजे शेवटच्या पेपरला आपण किती मंदावतो ते कळेल.

गुण दोन वर्षं चालतात. विद्यापीठ ते परीक्षाक्रमांकावरून थेट जास्सोकडून घेतं, म्हणून प्रवेशपत्र निकालानंतरही जपून ठेवा. पुष्कळ राष्ट्रीय विद्यापीठं शिवाय टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. टोफेल नोव्हेंबरच्या ईजेयूनंतर देऊ म्हणणाऱ्यांची गुणपत्रिका मुदतीत पोचत नाही. ते उन्हाळ्याआधीच आटपावं. त्यानंतर विद्यापीठाची स्वतःची परीक्षा: मुलाखत, निबंध, अभियांत्रिकीला फळ्यावर गणित सोडवत बोलायची तोंडी परीक्षा. इथे आत्तापर्यंत गोल भरणाऱ्या विद्यार्थ्याला अचानक जपानीतून 'हे समीकरण असं का मांडलं' ते सांगावं लागतं. आठवड्यातून एक प्रश्न मोठ्याने, जपानीतून, उभं राहून सोडवायचा सराव जूनपासूनच ठेवावा. काही विद्यापीठं मात्र जपानला न येता केवळ ईजेयू आणि कागदपत्रांवर प्रवेश देतात. जपानबाहेरून अर्ज करणाऱ्याने आधी ती शोधावीत, म्हणजे परीक्षेसाठीचा व्हिसा आणि प्रवासखर्च दोन्ही टळतात.

पैशांचा हिशेब याच वेळापत्रकात बसवा. राष्ट्रीय विद्यापीठाचं परीक्षाशुल्क प्रमाणदराने १७,००० येन, खासगीचं बहुतेकदा त्याच्या दुपटीच्या आसपास. खासगीचा निकाल आधी लागतो आणि प्रवेशशुल्क भरायची मुदत राष्ट्रीय विद्यापीठाच्या निकालाच्या आधी संपते. ते शुल्क नंतर प्रवेश सोडला तरी परत मिळत नाही. तेव्हा खासगी विद्यापीठ निवडताना निकालाच्या तारखेइतकीच शुल्काची शेवटची तारीखही वहीत लिहून ठेवा. काही ठिकाणी मुदत वाढवून मिळते किंवा शुल्क दोन टप्प्यांत भरता येतं, आणि तेही लिहिलेलं असतं त्याच प्रवेशपुस्तिकेत, सहसा मागच्या पानांवर बारीक अक्षरात.